पाच बहिणींचा रकाना

३ डिसेंबर

आज पुन्हा सगळे माझ्या इंग्रजी उच्चारांवर हसले. हसणाऱ्यांपैकी एकालाही त्या चामड्यावरचे एक अक्षर वाचता येत नाही. मला येते. तरी बैठक संपेपर्यंत मान खाली घालून बसले ती मीच, आणि उत्तर सुचले ते परतीच्या मेट्रोत, कालकाजीला गाडी बदलताना. माझी सगळी उत्तरे मला कालकाजीलाच सुचतात. म्हणून आजपासून ही दैनंदिनी. तोंडाने जे निघत नाही ते निदान शाईने निघावे.

आधी काम काय आहे ते लिहून ठेवते. फरीदाबादच्या एका कारखानदाराने खासगी संग्रहालय काढले आहे. संचालक डॉ. इंद्रजित, मूळचे कोल्हापूरचे, तीस वर्षे दिल्लीत. फेब्रुवारीत पहिले प्रदर्शन आहे, 'एक मूळ, दोन शाखा'. ज्यू धर्म आणि आरंभीचा ख्रिस्ती धर्म यांचे नाते, जुन्या हस्तलिखितांतून. त्यातली मुख्य वस्तू एक सेफेर तोरा, म्हणजे मोशेची पाचही पुस्तके हाताने लिहिलेली चामड्याची अखंड गुंडाळी. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून घेतलेली. हिब्रू वाचणारी म्हणून मला नेमले आहे. सरांनी आज जाहीर केले की गुंडाळी अठराशे वर्षांपूर्वीची, येशूचा शिष्य थोमा याच्यामागोमाग भारतात आलेल्या पहिल्या ख्रिस्त्यांची.

हे खोटे आहे, आणि ते मला सिद्ध करता येईल.

११ डिसेंबर

मोजके सोडले तर प्रत्येक रकाना 'वाव' या अक्षराने सुरू होतो. ही रीत मध्ययुगात रुळली. अठराशे वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला ती ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही. चामडे तांबूस, बगदादकडे कमावतात तसे. आणि ज्या लाकडी पेटीत गुंडाळी उभी असते त्या पेटीवर चक्क देवनागरी: 'शके १७९०. मातोश्रींच्या स्मरणार्थ अर्पण.' म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, बेने इस्रायलांची. माझ्याच अलिबागकडची! आमच्या शाळेच्या भिंतीला लागून त्यांचे प्रार्थनामंदिर, सिनॅगॉग, होते. माणसे इस्रायलला गेली, कुलूप राहिले. दारावरची अक्षरे आपल्याला वाचता येत नाहीत याचा मला लहानपणी इतका राग येई, की पुढे दिल्लीला येऊन हिब्रूच शिकले. माझ्या बहुतेक गोष्टी रागापोटी झाल्या आहेत. लोकांना ते लाजणे वाटते.

मांडणी करणारा कौस्तुभ दुपारी माझ्या टेबलाशी घुटमळला. तो जन्माने मराठी, पण वाढला दिल्लीत.

"रिपोर्ट देतेयस सरांना?"

"देणारच."

"थोडा व्हेग ठेव ना यार. म्हणजे, काळ अनिश्चित, वगैरे. बिल्कुल पक्कं नको लिहू."

"का म्हणून?"

"बस, असंच. जुनं आहे तोपर्यंत सेफ आहे."

सेफ! ज्याला त्याला स्वतःची नोकरी सांभाळायची आहे. 'तुला कणा नाही' असे म्हणणार होते, पण कणा म्हणजे काय हे त्याला समजावून सांगावे लागले असते.

१९ डिसेंबर

प्रदर्शनासाठी बेने इस्रायल चालीरीती टिपून घ्यायच्या होत्या, म्हणून फ्लोरामावशी झिराडकरांना संग्रहालयात आणले. यजमान इथल्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात होते. ते वारले, मुलगा इस्रायलला, अश्दोदला. पण मावशींनी फरीदाबाद सोडले नाही. "तिकडे उन्हाळा आहे, इकडे उन्हाळा आहे. मग सामान कशाला हलवायचं?" असे म्हणतात.

माझे गाव ऐकून म्हणाल्या, "म्हणजे शेजारीणच की गं! आणि हिब्रू शिकलीस? आमच्या पोरांना शिकवता शिकवता मास्तर मेले."

मग गुंडाळी पाहिली. पदर बोटांवर गुंडाळून पेटीला लावला आणि तो पदर ओठांना लावला. चामड्याला उघडा हात लावीत नाहीत.

"वाच."

मी वाचले. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "मला धड वाचता येत नाही. ऐकलं की ओळख पटते." मग जवळ वाकल्या. "अक्षरं उडालीत."

"काही ठिकाणी."

"मग हे चालत नाही आता. एक अक्षर गेलं तरी सेफेर बाद. दुरुस्त करणारा आपल्याकडे कोणी नाही. पुरायला हवं."

"पुरायचं?"

"माणसासारखं. मग काय शोकेसात उभं करायचं? आमच्या ह्यांना नाही उभं केलं शोकेसात."

मी हसले नाही. खरे सांगायचे तर मला संताप आला. एकीकडे सर त्याला थोमाच्या गळ्यात बांधताहेत, दुसरीकडे मावशी खड्डा खणायला निघाल्या आहेत. ते नुसते वाचावे, असे एकालाही वाटत नाही. त्याचा विचार करणारी मी एकटीच.

५ जानेवारी

अहवाल दिला. सोळा पाने, टिपांसह. सरांनी तो माझ्यासमोर वाचला आणि चेहरा दगडासारखा करून "ठेव" म्हणाले. त्यानंतर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आज अचानक बोलावून चहा मागवला.

"बेटा, तू जिंकलीस. पेटी नंतरची आहे असं म्हणणार होतो मी. पण तो वावचा मुद्दा बिनतोड आहे. मालकांनाही सांगितलं. गुंडाळी दीडशे वर्षांची, सामान्य प्रतीची. फायनल?"

"सामान्य नाही, सर. फक्त प्राचीन नाही."

"तेच ते."

मी जिंकले. मुनिरकाच्या आमच्या खोलीत येऊन कृतिकाला सांगितले. कृतिका लातूरची, तिसऱ्यांदा यूपीएससीला बसते आहे. पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "जिंकल्यावर साहेब चहा पाजतात? आमच्याकडे जिंकल्यावर बदली करतात."

हिला कोणाचे चांगले बघवत नाही.

१४ जानेवारी

पानिपतला काला अंबच्या स्मारकाशी दिल्लीतली मराठी मंडळी जमतात. सर आम्हा सगळ्यांना घेऊन गेले. धुके इतके, की झेंडे होते पण काठ्या दिसत नव्हत्या. सरांचे भाषण झाले. म्हणाले, "जो समाज आपल्या जखमा जपतो तोच आपला वारसा जपतो." मला भरून आले. त्यांच्याविषयी महिनाभर मनात जे जे लिहिले होते त्याची लाज वाटली.

नंतर त्यांनी मला बड्या लोकांपुढे उभे केले. कारखानदार, एक निवृत्त राजदूत, ग्रेटर कैलाशच्या दोन बायका. "ही आमची हिब्रू पंडिता. तुमच्या प्रत्येकासाठी छान पान हीच निवडणार आहे."

"माझ्यासाठी दहा आज्ञांचं हं," त्यांतली एक बाई म्हणाली. "मी क्रिश्चन आहे."

मी मान हलवली. पाहुण्यांना सूचिपत्रात आपापले आवडते पान हवे असणे मोठे गोड वाटले.

२० जानेवारी

आठवडाभर खुणा करते आहे. सरांना महत्त्वाचे रकाने हवेत: सृष्टीची उत्पत्ती, समुद्र दुभंगल्यानंतरचे गीत, दहा आज्ञा. शिवाय ख्रिस्ती धर्माशी नाते दाखवणारे. ते मी फार मन लावून शोधले. वाळवंटात येशूने सैतानाला जी तीन उत्तरे दिली ती तिन्ही 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकातली आहेत; शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा 'लेवीय' या तिसऱ्या पुस्तकातली. प्रत्येक रकान्याच्या दोन्ही कडांना अगदी सरळ रेषेत पातळ कागदाच्या चिठ्ठ्या लावल्या, चामड्याला डिंक न लावता.

फलकाचा मजकूरही मीच लिहिला. सरांना त्यातला हा भाग विशेष आवडला: 'पहिल्या ख्रिस्त्यांपाशी स्वतःचा वेगळा ग्रंथ नव्हता, ते ज्यूच होते आणि अशाच गुंडाळ्या वाचीत होते. पुढे त्यांनी गुंडाळी सोडून पाने एकत्र शिवण्याची रीत धरली. ज्यूंनी गुंडाळीच राखली. दोन्ही शाखांची फारकत त्यांच्या हातांतही दिसते.'

"वा! गुंडाळी सोडून पाने," सर म्हणाले. "फार उपयोगी वाक्य. आणि तुझं स्वतःचं आवडतं पान कुठलं गं?"

असे मला कोणी कधी विचारले नव्हते. मी सांगून टाकले. सलाफहादाच्या पाच मुली. बाप वारला, भाऊ नाही, जमीन वाटपात घराण्याचे नाव बुडणार. तेव्हा त्या मोशेपुढे, याजकापुढे, सगळ्या मंडळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, आमचा वाटा द्या. देव म्हणाला, मुली बरोबर बोलतात. 'त्यांचे गाऱ्हाणे' या शब्दातले शेवटचे अक्षर लेखनिक मुद्दाम मोठे काढतात. का, ते कोणी खात्रीने सांगत नाही. आमच्या गुंडाळीत तर तो रकानाच त्यांच्या पुढे येण्याने सुरू होतो. एवढे सलग मी या इमारतीत प्रथमच बोलले.

सुतार आला होता. माझ्या चिठ्ठ्यांमधले अंतर मोजत होता. मांडणीसाठी असावे; त्यासाठीच गुंडाळी उद्यापासून सरांच्या दालनात राहणार आहे. कौस्तुभ त्याच्याजवळ उभा होता, माझ्याकडे बघेना. अहवाल टिकला याचे त्याला वाईट वाटते आहे, दुसरे काय.

२ फेब्रुवारी

आज काहीही झाले तरी लिहिणार.

उद्घाटन परवावर आले म्हणून सगळ्यांना भेटी वाटल्या. बाकीच्यांना शाली. मला सरांनी सपाट, जड पुडके दिले. "घरी जाऊन उघड."

कृतिकाने कात्रीने दोरी कापली. आत शिसवी चौकट, काच, आणि काचेखाली माझा रकाना. खाली पितळी पट्टी, तीवर माझे नाव: अक्षया म्हात्रे.

"छान प्रिंट काढलीय गं," कृतिका म्हणाली.

मलाही तसेच वाटले. चौकट तिरकी धरली तेव्हा शाई वर उठून चमकली. मागची फळी काढून कडेशी बोट नेले. चामड्याला केसांची छिद्रे असतात, कागदाला नसतात. डावी कड माझ्या चिठ्ठीच्या रेषेत सरळ कापली होती. कापणाऱ्याने चिठ्ठीही तिथेच राहू दिली होती.

कृतिकाने चौकट माझ्या हातातून काढून घेतली, नाहीतर पडली असती.

मी निवडून दिले. मी रेषा आखून दिल्या. मी!

३ फेब्रुवारी

सरांच्या दालनात न विचारता गेले. गुंडाळी टेबलावर होती. मध्ये मध्ये खिडक्या पाडाव्यात तशी.

"बस, बेटा."

बसले नाही.

"सव्वीस जानेवारीच्या जेवणाला मालकांनी अकरा पानं दिली. बारावं तुझं. बाकीची उद्घाटनानंतर. यात इतकं काय?"

"तुम्ही ते कापलंत."

"कुणाच्या भरवशावर? थोमाची गुंडाळी असती तर मी स्वप्नातही हात लावला नसता. काचेत ठेवली असती, पहारा बसवला असता. सामान्य आहे हे सिद्ध कुणी केलं? सोळा पानं लिहून?"

मी गुंडाळीतल्या खिडक्या मोजू लागले.

"आणि पहिल्या ख्रिस्त्यांनीही गुंडाळी सोडून पानंच केली ना? तुझंच वाक्य आहे. फलकावर लागलंय." ते हसले. वाईट माणसासारखे नाही. विद्यार्थ्याने चांगले उत्तर दिल्यावर हसावे तसे. त्याचाच राग डोक्यात गेला.

बाहेर जिन्यात कौस्तुभ होता. "मागच्या वर्षी एक पर्शियन पोथी आली होती. कॉमन निघाली, तर तिचेपण असेच फ्रेम्स झाले. म्हणून तुला बोललो होतो, व्हेग ठेव."

"सरळ का नाही सांगितलंस?"

"सरळ सांगितलं असतं तर तू खोटा रिपोर्ट दिला असतास?"

हा प्रश्न विचारल्याबद्दल त्याला क्षमा करायची माझी तयारी नाही.

कालकाजीची गाडी धरलीच नाही. थेट मावशींच्या घरी गेले. त्या मलिद्याच्या प्रसादासाठी पोहे भिजवत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी हात पुसले आणि एकच विचारले, "किती?"

"अकरा."

बारावा कुठे आहे ते मी सांगितले नाही. सांगायचे राहिले असे लिहिणार होते, पण ते खोटे ठरेल. तो रकाना मला हवा होता.

४ फेब्रुवारी

उद्घाटन. सहा वाजता दिव्यांची माळ, व्हायोलिन, गाड्यांची रांग. उरलेली गुंडाळी काचेच्या पेटीत, कापलेल्या कडा मखमलीखाली दडवलेल्या. वर माझा फलक.

मावशी आल्या त्या दिल्लीच्या सिनॅगॉगच्या चार माणसांसह. दोन वृद्ध गृहस्थ टोप्या घालून, एक मावशींच्या वयाच्या बाई, एक तरुण. मावशी थेट काचेपाशी गेल्या. पाहिले. मग पदराचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि फाडला. चांगले जाड रेशीम होते. आवाज व्हायोलिनच्या वर गेला. बाकीच्यांनी आपापल्या कपड्यांच्या कडा फाडल्या. पाचही जण प्रवेशद्वाराच्या आत जमिनीवर बसले, पाहुण्यांच्या अगदी वाटेत.

"माताजी, क्या हुआ?" एका बाईने वाकून विचारले.

"ग़मी है. घर में."

"ओहो. किसकी?"

मावशींनी काचेच्या पेटीकडे बोट दाखवले. "उनकी. काटके मारा है."

बातमी दालनभर पसरायला वेळ लागला नाही. सर धावत आले. आवाज मधासारखा. "मावशी, आपण आत बसून बोलू. चहा घेऊ."

"दुखवट्याच्या घरी चहा शेजारी आणतात," मावशी म्हणाल्या. "तुम्ही कोण? शेजारी की खाटीक?"

"अहो, ही कला आहे. लोक घरात लावतील, आदराने बघतील."

"तुमच्या वडिलांचा हात देता? आदराने बघीन."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले. छायाचित्रकारांना आता काचेच्या पेटीत रस उरला नव्हता. सरांनी माझ्याकडे पाहिले. "अक्षया, यांना समजाव. तू तरी शिकलेली आहेस."

शंभर माणसे माझ्याकडे पाहत होती. वाक्य जिभेवर होते, पुढे येईना. मी फक्त चालत गेले आणि मावशींच्या शेजारी जमिनीवर बसले. ओढणी फाडायचा प्रयत्न केला. सिंथेटिक होती, फाटली नाही. मावशी माझ्या कानात म्हणाल्या, "राहू दे गं. रिवाज आमच्यासाठी आहे. तू नुसती बस."

साडेआठला मालक स्वतः आले. आम्हा सहाजणांकडे नाही, कॅमेऱ्यांकडे पाहत सरांना म्हणाले, "दे दो इनको, और ख़त्म करो."

८ फेब्रुवारी

राजीनामा दिला. पुरातत्त्व खात्याकडे लेखी तक्रार केली. पोच मिळाली, उत्तर नाही. गुंडाळी मावशींच्या घरी, पांढऱ्या चादरीत.

मी त्यांच्याशी भांडले. होय, त्यांच्याशीच. म्हणाले, पुरू नका; शके १७९० ची कोकणातली गुंडाळी आहे, तिचा अभ्यास झालेला नाही, उरलेली तरी विद्यापीठाला द्या.

"तुझं बरोबर आहे," मावशी म्हणाल्या. "त्या सरांचंही स्वतःपुरतं बरोबरच होतं. प्रत्येकाला त्याचं काहीतरी करायचंय. त्याला काय हवंय ते कोणी विचारलं?"

"ते चामडं आहे, मावशी. त्याला काय हवं असणार?"

"मग तू कशाला रडतेस?"

मी रडत नव्हते. रागाने डोळ्यांत पाणी येते.

शेवटी त्यांनी सौदा केला. "रविवारपर्यंत तुझं. वाच, लिही, फोटो काढ, झोपू नको हवं तर. रविवारी त्याचं."

तीन दिवस त्यांच्या बैठकीत गुडघ्यांवर बसून एकेक रकाना टिपला. सगळ्यांत मोठे भगदाड 'गणना' या पुस्तकात, पाच बहिणींच्या जागी. तिथे आले की मी भराभर पुढे सरकत होते.

खोलीत परतले तर कृतिका चौकटीसमोर उभी. "हे पितळ बघितलंस? अक्षया म्हात्रे. फार शोभतं हां. बाराजणांत नंबर लागला म्हणायचा. डायरेक्टर मॅडम!"

मी तिच्याशी बोललेले नाही. ती खोटे बोलली असती तर बोलले असते.

११ फेब्रुवारी, रविवार

दिल्लीच्या सिनॅगॉगला लागूनच दफनभूमी आहे. सकाळचे ऊन, आदल्या दिवशी खणलेला खड्डा, वीसेक माणसे. गुंडाळी पुरतात ती मातीच्या भांड्यात. एवढे मोठे भांडे कुठून मिळणार, म्हणून मावशींनी फरीदाबादच्या कुंभाराकडून माठ आणले होते. गुंडाळीचे तुकडे चादरीसकट त्यांत उभे ठेवले. एका गृहस्थांनी प्रार्थना सुरू केली.

मी पिशवी छातीशी धरून मागे उभी. पट्टीचे स्क्रू घरीच काढले होते. माठावर झाकण ठेवायला कोणीतरी वाकले, तेव्हा मी बोलले.

"थांबा."

प्रार्थना थांबली. सगळे वळले. घसा नेहमीप्रमाणे बंद व्हायला निघाला, आणि मला त्या घशाचाच इतका राग आला की आवाज सुटला.

"बारा होते. अकरा नाही. बारावा माझ्याकडे होता. त्यांनी मला भेट दिला, आणि मी ठेवून घेतला. तुम्ही विचारलंत तेव्हाही सांगितलं नाही."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी नुसता हात पुढे केला, पदर गुंडाळलेला. मग मागे घेतला.

"कुठला आहे?"

"सलाफहादाच्या मुली."

"मग वाच. तुझ्याकडे राहायला होत्या इतके दिवस. तूच पोचव त्यांना."

मी वाचले. त्या पुढे आल्या, इथपासून. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. माझा हिब्रू उच्चार मराठी आहे. कोणी हसले नाही. मोठ्या अक्षरापाशी आले तेव्हा थांबले आणि तो शब्द मुद्दाम मोठ्याने वाचला, लेखनिकाने काढला तसा. भिंतीपलीकडे एका गाडीचा भोंगा वाजत होता. मी त्याच्याहून मोठ्याने वाचत होते.

मग रकाना माठात ठेवला. झाकण, माती.

खड्डा बुजवणारा फावड्याच्या पाठीने माती चोपू लागला, तसे मावशींनी त्याला थांबवले.

"मिट्टी पक्की मत करना, भैया. अभी ग्यारह और आने हैं."

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुठला कोणाकडे गेला, ते तुलाच ठाऊक ना?"

मलाच ठाऊक आहे. प्रत्येकासाठी पान मीच निवडले होते.

२५ फेब्रुवारी

निवृत्त राजदूतांनी दारातच चौकट परत दिली. त्यांना आधीच झोप लागत नव्हती म्हणे. एका कारखानदाराच्या घरी दोनदा हाकलले. तिसऱ्यांदा कौस्तुभ बरोबर आला आणि गाडीतच बसून राहिला, तरी आला. तीही मिळाली.

आज ग्रेटर कैलाश. दहा आज्ञा. बाईंनी आत बसवले, सरबत दिले. चौकट दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर. खाली त्यांचा छोटासा पांढरा कुत्रा मी आल्यापासून अखंड भुंकत होता.

मी सगळे सांगितले. हळू, नीट, क्रमाने.

"सो सॅड," बाई म्हणाल्या. "पण बघ ना, या भिंतीवर किती सूट होतंय. असं करू या का, मी तुम्हांला याची मस्त प्रिंट काढून देते. ती पुरा ना. तुमच्या आंटीला काय कळणार?"

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा, परक्याच्या घरात, पायांत त्यांचा गालिचा असताना. काय काय बोलले ते सगळे आठवते, पण इथे लिहीत नाही. लिहायची गरज उरली नाही. इतके आठवते, की कुत्रा भुंकायचा थांबला.

चौकट काढायला त्यांनी स्टूल आणायला लावले. मग स्वतःच ती उतरवून माझ्या हातात दिली.

परतताना ती मांडीवर घेऊन मेट्रोत बसले होते. आता आठ राहिले. कालकाजीला गाडी बदलली, आणि सुचण्यासारखे काही शिल्लकच नव्हते.